एक विद्या, तीन वस्तू आणि एक लोटा

"सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, दैत्यराज प्रचंडासुर याचा आखाजीच्या दिवशी ठरलेला वध होऊ शकत नाही. वध करणारा राजपुत्र हा दैत्यराजाचा जावई झाला आहे. तरी मंडळींनी शांतता राखावी."

एवढं वाचून भामरे गुरुजींनी कागदाच्या चार घड्या घातल्या, तो खिशात ठेवला आणि चष्मा पुसला. शांतता कोणीच राखली नाही. चावडीसमोर जमलेली मंडळी एकदम बोलायला लागली.

मी तेव्हा बैलगाडीतून उतरत होतो. दोन ट्रंका गाडीत होत्या, एक माझ्या डोक्यावर. डोक्यावरच्या ट्रंकेत दैत्यराजाला मारायची गदा होती.

आधी माझा धंदा सांगतो. त्याला ड्रेपरी म्हणतात. नाटकाला, मेळ्याला, शाळेच्या गॅदरिंगला लागणारे राजेशाही कपडे, मुकुट, दाढ्या, तलवारी आम्ही भाड्याने देतो. सामानाबरोबर आमचा माणूस जातो. तो रंगवतो, नेसवतो, खेळ संपला की देवांना आणि राक्षसांना परत माणसात आणतो आणि सामान घेऊन येतो. आज नंदुरबारात माझं स्वतःचं दुकान आहे. पण ही गोष्ट महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची. मी गंगारामकाकांच्या दुकानात नोकरीला होतो, वय बावीस, आणि एकट्याने सांभाळायचं हे माझं पहिलं बुकिंग होतं.

गाव तापीकाठचं. नाव सांगणार नाही, कारण जावई अजून धडधाकट आहेत आणि आमचं गिऱ्हाईक आहेत. घरात गुजरी, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणारं हे गाव. तिथे दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गुरुजींनी लिहिलेलं एक नाटक व्हायचं. नाव दरवर्षी बदलायचं. गोष्ट तीच. मणिपर्वतावर दैत्य राहतो. त्याने चंद्रमणी पळवलेला असतो. राजपुत्र येतो, लढाई होते, दैत्य मरतो. पडद्यावर रंगाऱ्याने बर्फाचा हिमालय काढलेला होता. गाव त्याला तोरणमाळचा डोंगर म्हणायचं. बर्फाबद्दल विचारलं की सांगत, "थंडीना तोरणमाळ शे तो."

निघताना गंगारामकाकांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, "गिऱ्हाईक राजा असतो, पण राजाचा मुकुट आपला असतो." दुसरी म्हणजे आमच्या दुकानाचा कायदा: एका पात्राला एक विद्या आणि तीन वस्तू. जास्त नाही.

हा कायदा समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

नाटकातल्या प्रत्येक माणसाला सगळंच हवं असतं. मुकुट हवा, कवच हवं, तलवार, ढाल, गदा, धनुष्य हवं. शिवाय त्याला उडता यायला हवं, अदृश्य होता यायला हवं आणि तोंडातून जाळ काढता यायला हवा. नाटकात तो शिपाई असला तरी. पण प्रत्येक वस्तू काहीतरी काढून घेते. मुकुट घातला की मान वळत नाही. कवच चढवलं की खाली बसता येत नाही. ढाल घेतली की एक हात गेला. म्हणून आम्ही वाटपाच्या दिवशी सगळ्या नटांना बसवायचो आणि एकेकाला विचारायचो: तुझी विद्या कोणती? तुझ्या तीन वस्तू कोणत्या? विद्या म्हणजे इतरांना येत नाही आणि तुला येतं असं एक काही. अदृश्य होणं असेल तर काळी घोंगडी. उडणं असेल तर दोर आणि मागे चार धट्टेकट्टे. जाळ काढणं असेल तर राळ. राळेची पूड मुठीत धरायची आणि तोंडासमोरच्या मशालीवर फेकायची. भप्पकन जाळ होतो. समोर बसलेल्याला वाटतं, तोंडातून निघाला.

वाटपाला नाटकापेक्षा जास्त गर्दी व्हायची. प्रधानाने तलवार मागितली की गावातून कोणीतरी ओरडायचं, "तुले कसाले तलवार? तू सल्ला देस, का भाजी कापस?" मग प्रधान तलवार सोडून जानवं, काठी आणि शाल घ्यायचा आणि विद्या म्हणून खोकला घ्यायचा.

असं हे हसतखेळत चालणारं काम. आणि मी गाडीतून उतरतो तर वधच रद्द.

झालं होतं असं. दैत्य करायचे हिरालाल आबा. पन्नाशीचे, दाराएवढे रुंद, आवाज असा की तापीपलीकडची गुरं कान टवकारत. बारा वर्षं ते दैत्य करत होते आणि बारा वर्षं मरत होते. त्यांचं मरणं पाहायला लोक धानोऱ्याहून, म्हसावदहून गाड्या जुंपून यायचे. एकदा गदा लागली की आबा अर्धी घटका मरायचे. डगमगायचे, उठायचे, आईला हाक मारायचे, पुन्हा पडायचे.

राजपुत्र करायचा पुरुषोत्तम, पुरू. तेवीस वर्षांचा, शेलाटा, गळ्याने गोड. आणि माझ्या येण्याच्या आदल्या दिवशी आबांच्या शांताची आणि पुरूची सुपारी फुटली होती. म्हणजे लग्न पक्कं ठरलं होतं. दोन्ही घरं खूश होती. शांता खूश होती. पुरू तर इतका खूश होता की तेव्हापासून संवाद म्हणताना हसत होता.

मग पुरूची मोठी फुई आली. फुई म्हणजे आत्या. म्हसावदला दिलेली, बारीक अंगाची, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला, पण तिने नाही म्हटलं तर त्या घरात चूल पेटत नसे. तिने विचारलं, "नाटकमा पुऱ्या काय करस?"

कोणीतरी कौतुकाने सांगितलं, "हिरालाल आबाले गदा मारस!"

"सासराले?" फुई म्हणाली. "मी जित्ती शे तवलोंग नही. जवाई सासरावर हात उचली, तर हाई सोयरीक मोडनी समजा."

ती नुसती धमकी नव्हती. फुईने याआधी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. एक तर फेट्याच्या रंगावरून.

मी ट्रंका उतरवल्या आणि थेट तिच्यासमोर जाऊन बसलो. पहिलंच बुकिंग होतं. वाकबगार दिसायला हवं.

"फुई," मी म्हटलं, "लगीन तर आखाजीनंतर शे. आज तो जवाई कोठे व्हयना?"

"सुपारी फुटनी, तठेच लगीन व्हयनं," फुई म्हणाली. "तुन्हं लगीन व्हयेल शे का?"

"नही."

"मंग गप ऱ्हाय."

हा वाद तिथे संपला. तो लक्षात ठेवा.

नट बदलावा तर दैत्याचे संवाद दुसऱ्या कोणाला पाठ नव्हते. आणि आबा ऐकायलाच तयार नव्हते. "बारा वरीस व्हयनात माले मरीमरीसन," ते म्हणाले. "पाहुणा येवाले निंघनात. आते मी घर बसू?" पुरूला बदलावं तर राजपुत्राचं काम येणारा तो एकटा. आणि नाटक रद्द करावं तर आबा रुसणार. रुसलेला सासरा लग्नात काय करेल याचा नेम नाही. म्हणजे कसंही केलं तरी पुरू आणि शांताच्या लग्नावरच येत होतं. शांता आपल्या ओट्यावरून हे सगळं ऐकत होती. मी पाणी मागायला गेलो तेव्हा तांब्या देता देता हळूच म्हणाली, "भाऊ, कसं बी करा, पन बाबाले मारा."

मुलीने बापासाठी असं काही मागितलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मग मी, गुरुजी, आबा आणि पुरू पुरूच्या ओट्यावर बसलो. फुई खाटेवर. मी ट्रंका उघडल्या आणि राजपुत्राचं वाटप पहिल्यापासून सुरू केलं. प्रश्न एकच: सासऱ्याला हात न लावता दैत्याला मारता येईल अशी विद्या आणि अशी वस्तू कोणती?

मी धनुष्य काढलं. "दुरून बाण. अंगाला स्पर्श नाही."

"बान काय आपोआप निंघस का?" फुई म्हणाली. "हात त्यानाच ना?"

गुरुजी म्हणाले, "शस्त्र नकोच. मंत्रविद्या देऊ. राजपुत्र शाप देईल आणि दैत्य भस्म होईल."

"जवाई सासराले शाप दी? वा रे मास्तर! हाईच शिकाडतस का शाळामा?"

मी काळी घोंगडी काढली. "अदृश्य विद्या. राजपुत्र दिसणारच नाही. मग कोणी मारलं ते कोणाला कळणार?"

फुईने घोंगडीकडे पाहिलं. "हाई घोंगडी घाली म्हनीन तो माले दिसाव नही का? माले मोतीबिंदू शे. येड नही लागेल."

शेवटी मी सुचवलं, दैत्याने डोंगरावरून पाय घसरून मरावं. कोणाचाच दोष नाही.

आबा उठून उभेच राहिले. "पाय घसरीसन मरू? दैत्यराज शे मी, का मोरीवरनी म्हतारी?"

तोवर आबांचं बोलणंही बिघडलं होतं. ते आता पुरूला जावईबापू म्हणायला लागले होते. तालमीत ते गरजायचे, "अरे मूर्ख राजपुत्रा, ये पुढे, तुझं रक्त पितो!" त्या दिवशी आम्ही सीन म्हणून पाहिला, तर आबा हात जोडून म्हणाले, "अहो राजपुत्र, या ना असे पुढे, तुमचं रक्त घेतो." पुरू हसत सुटला आणि गुरुजींनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्ग सापडला. तो ट्रंकेत नव्हता.

आम्ही पुरूच्या ओट्यावर बसलो होतो. ऊन असं की अंगणातली कोंबडी चोच उघडी टाकून बसलेली. आबा शेतातून सरळ तिथे आलेले, घामाने निथळत. पुरूच्या आईने तांब्याचा लोटा भरून पाणी आणलं. पुरू स्वतः उठला, लोटा घेतला आणि आबांसमोर धरला.

"घ्या ना आबा."

"नही, नही. ऱ्हाऊ द्या जवाईबापू."

"घोटभर तरी."

"आते हाई घर मन्ही पोरनं शे. आठलं पानी माले चालस नही."

आमच्याकडे ही रीत आहे, अनेक ठिकाणी असेल. लेकीच्या सासरचं पाणी बाप पीत नाही. नातवंडाचं तोंड पाहिलं की मग पितो. आबा लोट्याकडे पाहत होते. लोट्याच्या अंगावर थेंब सुटले होते. आबांनी आवंढा गिळला, मान फिरवली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुन्हा लोट्याकडे पाहिलं. पुरू आग्रह करत होता, आणि प्रत्येक आग्रहासरशी आबा हात हातभर खचत होते. बारा वर्षांत रंगमंचावर त्यांनी असा चेहरा केला नव्हता. मग ते उठले आणि भर उन्हात तीन घरं पलीकडे स्वतःच्या घरी पाणी प्यायला गेले.

मी गुरुजींचा हात धरला. "गुरुजी, राजपुत्राची विद्या सापडली."

"कोणती?"

"आग्रह."

गुरुजी माणूस हुशार. एका दमात त्यांनी तिसरा अंक फिरवला. मणिपर्वताच्या दैत्याला वर आहे की शस्त्र, अस्त्र, शाप कशानेही तो मरणार नाही. पण लढता लढता तहान लागली आणि पाणी मिळालं नाही, तर मरेल. त्याची एक मानलेली मुलगी आहे. दुसऱ्या अंकात राजपुत्राशी तिचं लग्न लावून टाकलं. आता तिसऱ्या अंकात जावई नि:शस्त्र येतो. हातात लोटा. दैत्य तहानेने तडफडतो, जावई प्रेमाने पाणी देतो, आणि रीत अशी की दैत्याला ते पिता येत नाही. जावई जितका चांगला वागेल, तितका सासरा लवकर मरेल.

फुईला सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला. "हाई चांगलं शे. पोऱ्याना बी दोष नही, आबाना बी नही. रीत पाळीसन मरना." आणि लगेच पुढची अट घातली. तिला दिवेलागणीनंतर दिसत नाही, तेव्हा नाटक तिसऱ्या प्रहरी, उजेडात.

आम्ही आनंदाच्या भरात कबूल केलं. आखाजीच्या उन्हात तिसऱ्या प्रहरी!

वाटप पार पडलं. पुरूची विद्या आग्रह. वस्तू तीन: लोटा, खांद्यावरचा पंचा आणि साधा फेटा. मुकुट घालून कोणी आग्रह करत नाही. लोटा पुरूच्याच घरचा, आणि पाणी त्यांनी आखाजीला पुजलेल्या घागरीतलं. ते अस्सल असावं हा हट्ट माझा. मला वाटलं, टिनाचा रिकामा लोटा फुईला ओळखू येईल.

मग आबांची पाळी आली, आणि माझी चूक झाली.

"माले मारनारं कोन्ही नही," आबा म्हणाले, "म्हनीसन मी बिनहत्यारी मरू? बठ्ठं दे. लोकेस्नी म्हनाले पायजे, इतलं सामान व्हतं तरी घोटभर पानीनी मारं."

बठ्ठं म्हणजे सगळं. म्हणण्यात वजन होतं. शिवाय ते नवरीचे वडील. मी कायदा मोडला. मुकुट दिला. छातीवर कवच दिलं. ते पत्र्याचं, आतून गोणपाटाचं अस्तर. गदा दिली, तलवार दिली, पाठीला भाता दिला. सावरीच्या लाकडाचे दोन सुळे ओठांत बसवले. वर विद्या म्हणून राळ. सात वस्तू मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. तेल-काजळाने काळे रंगवले, वर शेंदराचे पट्टे. सुळे लावल्यावर प्रश्न आला, पाणी कसं पिणार? आबा म्हणाले, आता खेळ संपल्यावरच.

आखाजीच्या दिवशी गाव ओसंडून वाहत होतं. प्रेक्षकांवर केळीच्या पानांचा मांडव. रंगमंचावर मांडव नाही, कारण पानं मानकऱ्यांच्या डोक्यावर संपली. फुई पुढच्या रांगेत, घोंगडी अंथरून. बायकांच्या बाजूला शांता, पदर दातांत धरून.

दोन अंक सुरेख झाले. तिसऱ्यात आबांची एन्ट्री झाली तेव्हा तापीपलीकडची गुरं नक्की उठली असणार. त्यांनी तलवार फिरवली, गदा नाचवली, चार वेळा राळेचा जाळ काढला. पाचव्या वेळी काढायचा नव्हता, पण टाळ्या पडल्या म्हणून काढला. मग पुरू आला. पांढरं धोतर, फेटा, दोन्ही हातांत लोटा.

"दैत्यराज, फार दमलात. पाणी घ्या."

"नको! तू... आपण माझे जावई!"

"एक घोट."

"जळून जाईन, पण रीत मोडणार नाही!"

बायका टाळ्या वाजवत होत्या. कोणीतरी रडत होतं. फुई मान डोलावत होती. पुरू आग्रहात असा रंगला की गुरुजींचे संवाद संपले आणि तो स्वतःचे बोलायला लागला. "माझी शपथ आहे. गूळ घालून आणू का?" प्रत्येक वाक्याला आबा एक पाऊल मागे सरत होते आणि हात हातभर खचत होते. मी विंगेत उभा राहून मनातल्या मनात स्वतःच्या दुकानाची पाटी रंगवत होतो.

मग आबांची गदा पडली.

गदा पडायची नव्हती. ती भोपळ्यावर कागदाचा लगदा चढवून केलेली. आबा भाड्याची प्रत्येक वस्तू बारा वर्षं जिवापलीकडे जपत आले होते. मी नीट पाहिलं. कपाळावरचं काजळ वाळलं होतं. घाम थांबला होता. या उन्हात, गोणपाटाच्या आत, घाम थांबणं वाईट. हे मला गंगारामकाकांनी शिकवलं होतं. गुडघे लटपटत होते, आणि ते लटपटणं तालमीतलं नव्हतं. आबांनी सुळे उपटून काढले आणि हळूच, पण पहिल्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणाले:

"पुऱ्या... खरंच पानी दे रे."

जावईबापू नाही, पुऱ्या.

पुरू लोटा धरून दगड झाला. दिलं तर सासऱ्याने जावयाच्या हातचं पाणी प्यायलं, तेही तीन गावांसमोर, तेही फुईच्या नाकासमोर. नाही दिलं तर सासरा जातो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी प्रॉम्प्टर होते. त्यांनी वहीत पाहिलं. वहीत नव्हतं. मी पडद्यामागच्या माठाकडे धावलो. दैत्याच्या सेनेने माठ कोरडा केला होता. त्या क्षणी रंगमंचावर आणि मागे मिळून पाणी एकाच लोट्यात होतं, आणि ते मीच हट्टाने पुरूच्या घरातून भरून आणवलं होतं. बायकांच्या बाजूने शांता उठून उभी राहिली. आबा गुडघ्यांवर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं, आता खरी मजा.

आणि पुढच्या रांगेतून एक बाई मोठ्याने बोलली. काय बोलली ते सांगण्याआधी बाकीचं सांगून टाकतो, कारण ते वाक्य सांगितलं की पुढचं कोणी ऐकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आबांनी तो लोटा एका दमात रिकामा केला. मी आत घुसलो, कवचाचे बंद कापले, मुकुट उतरवला. पुरूने पंचा भिजवून डोक्यावर ठेवला. तोवर शांता घरून कळशी घेऊन आली होती. आबांनी तीही अर्धी संपवली आणि उठून उभे राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदा दैत्य मेला नाही. लोक गोंधळले. काही जण ओरडायला लागले की मारा, पैसे नाही घेतलेत म्हणून काय झालं. तेव्हा गुरुजी पुढे आले आणि त्याच गांभीर्याने म्हणाले, "मंडळी, दैत्याचं हृदयपरिवर्तन झालं आहे." त्या काळात हृदयपरिवर्तन म्हटलं की लोक गप्प बसत. आबांनी चंद्रमणी पुरूच्या हातात ठेवला आणि पडदा पडला.

लग्न ज्येष्ठात झालं. नवऱ्याचा फेटा मी स्वतः बांधला, रंग फुईला आधी दाखवून. लग्नानंतर आबांनी रीत कडक पाळली. नातू होईपर्यंत त्या घरात थेंब घेतला नाही. पण उन्हातून आले की आधी स्वतःच्या घरी पिऊन मग जात. शहाणे झाले होते.

नंदुरबारला परतल्यावर गंगारामकाकांनी सगळं ऐकलं. गदेला पोचा आला होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "दैत्याला वस्तू किती दिल्या?"

"सात," मी म्हटलं. "आठही असतील."

"आणि पुरूला?"

"तीन."

"शेवटी कोण उभं होतं?"

मी पाटी रंगवायचा विचार आणखी सहा वर्षांनी केला. माझ्या दुकानात आजही गिऱ्हाईक कितीही मोठं असो, एक विद्या आणि तीन वस्तू. चौथी मागितली की मी त्याला आधी भरलेला तांब्या देतो.

आता ते वाक्य. जिने आमचं धनुष्य, मंत्र, घोंगडी सगळं नाकारलं, सुपारी फुटली तिथेच लग्न झालं असं मला बजावलं, आणि पत्र्यातल्या पन्नाशीच्या माणसाला आखाजीच्या उन्हात उभं करायला लावलं, ती मोठी फुई घोंगडीवरून उठली, कमरेवर हात ठेवला आणि तीन गावं ऐकतील अशा आवाजात ओरडली:

"पाज रे पुऱ्या त्याले पानी! लगीन कोठे व्हयनं आजून?"